विजेचा जमाखर्च

पातूरच्या बाजारपेठेत खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा घरांतून वैशाखात कूलर अहोरात्र घरघरत असतात. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आली की संकट दूर नसते. कूलरचा धक्का लागून जीव गेल्याच्या वार्ता वऱ्हाडात उन्हाळ्यात कानी येतात. पाणी भरणारे हात बहुधा गृहिणीचे किंवा दुकानातील नोकराचे असतात.

इतर देशांनी हा धोका आपापल्या परीने आवरला आहे. अमेरिकेतील घरांत साध्या प्लगला 120 व्होल्टची वीज असते, भारतात 230 व्होल्टची. शिवाय तेथे नव्या घरांच्या न्हाणीघरातील प्लगला गळती ओळखणारे साधन 1975 च्या विद्युतसंहितेने आवश्यक ठरविले. ब्रिटनने 1947 मध्ये प्रमाण ठरविलेल्या प्लगच्या पोटातच फ्यूज बसविला. भारतात मात्र ब्रिटनचाच त्याआधीचा, गोल पिनांचा नमुना रूढ झाला. त्यातील लांब व जाड पिन अर्थिंगची. ती वगळून दोन पिनांवर काम भागविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

अर्थिंगलाही ऋतूचे बंधन आहे. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, ओल खोल जाते आणि विजेला जमिनीत शिरणे अवघड होते. कूलर सर्वाधिक चालतो, नेमके तेव्हाच अर्थिंग दुबळे पडते. अशा वेळी पेटीत करंट उतरला तरी एमसीबी पडेलच असे नाही. कारण त्याचे मुख्य काम वायर जळू न देण्याचे आहे.

माणसासाठी हवा आरसीसीबी. चोख मुनिमाप्रमाणे तो गेलेल्या आणि परतलेल्या विजेचा मेळ क्षणोक्षणी घेतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची तूट दिसताच निमिषार्धात पुरवठा तोडतो. एवढ्या तुटीची एमसीबी दखलही घेत नाही. अर्थात आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवेच.

जाणत्या वायरमनकडून तो बसवून घ्यावा, त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे आणि प्लग काढल्यावाचून कूलरमध्ये पाणी भरू नये. दिवाळीला वह्यांचे पूजन करणाऱ्या घराने गुढीपाडव्यापूर्वी हाही हिशेब तपासावा. व्यापारातील तूट पुढील हंगामात भरून निघते. ही तूट भरून निघत नाही.