गाडी अडते तेव्हा

माणसाची पारख पंगतीत होत नाही, अडचणीत होते, असे आपली जुनी माणसे सांगत. आता ही अडचण पुष्कळदा चार चाकांवर बसून येते. आपल्या वस्त्यांतही बऱ्याच दारांपुढे गाडी उभी दिसते. कुणी नोकरीवर कर्ज काढून घेतली, कुणी जुनी घेऊन दुरुस्त केली. आनंदाची गोष्ट आहे. पण गाडी म्हणजे यंत्र, आणि यंत्र कधी ना कधी थांबणारच. ते थांबल्यावर काय करावे आणि पुढे चालू लागल्यावर काय विसरू नये, याविषयी या वेळी दोन शब्द लिहीत आहोत.

प्रसंग गेल्या मे महिन्यातला. आमच्या शेजारच्या आजींना दुपारी दम लागला. शेजाऱ्यांचा मुलगा गाडी चालवायला, मागे आजी आणि त्यांना धरून आमच्या सौभाग्यवती, पुढे आम्ही, असे दवाखान्याकडे निघालो. गांधीबागेत अग्रसेन चौकाच्या अलीकडे बोनेटमधून वाफ निघू लागली आणि गाडी बंद पडली. पंधरा दिवसांपूर्वीच तिची सर्व्हिसिंग झालेली होती. पण नागपूरच्या उन्हात रबरी पाइप आतून कधी फुटेल याचा भरवसा नसतो. मागे हॉर्नचा कल्लोळ, आत आजींचा श्वास वर-खाली. ज्याच्यावर अशी वेळ आली असेल त्यालाच ती कळेल.

कापड बाजारातला एक हमाल गठाणींनी भरलेला हातठेला कडेला लावून आला. त्याच्या हाकेसरशी आणखी तिघे आले. चहाच्या टपरीवाल्याने न मागता पाण्याचा जग आणला. एका ई-रिक्षावाल्याने आपली एक सवारी उतरवली, आजींना नि सौभाग्यवतींना बसवले आणि दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडले. त्याने चाळीस रुपये घेतले, म्हणजे रोजचेच भाडे. गल्लीतल्या मिस्त्रीने तासाभरात पाइप बदलला. आजींना वेळेत प्राणवायू मिळाला आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. रात्री वही काढून जमाखर्च मांडला. पाइप व क्लिपा २८० रुपये, कूलंट ३००, मजुरी १५०, ई-रिक्षा ४०. एकूण ७७० रुपये. हिशेब जुळला, पण वही खोटी वाटली. चार जणांनी तापलेल्या डांबरावर गाडी ढकलली ती कोणत्या खात्यावर लिहायची? उतरलेल्या त्या सवारीने उन्हात दुसरी रिक्षा शोधली, ते कुठे मांडायचे? यांतील एकानेही आम्हांला आमचे नाव, गाव, आडनाव विचारले नव्हते.

आडनावाची गोष्ट निघाली म्हणून चाळीसगाव आठवते. सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. त्या कामाच्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले. स्टेशनावर वस्तीतली माणसे न्यायला आली, पण टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी यावे हे त्या माणसांच्या मनाला पटेना. अखेर टांगा भाड्याने घेतला आणि तो हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला. त्याला सराव नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली पात्रात गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात त्यांनी बोट ठेवले ते बॅरिस्टरलाही आपल्यापेक्षा हलका समजणाऱ्या टांगेवाल्याच्या मनोवृत्तीवर. टांगा पुलावर मोडला खरा, पण माणुसकी आधी स्टेशनावरच मोडली होती.

म्हणून कुणी काही न विचारता आपल्या गाडीला हात लावतो, ही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही. जिथे अजून नकार मिळतो तिथे लढलेच पाहिजे. पण जिथे हात मिळतो तिथे त्या हाताची नोंद घेणे हेही आपलेच काम आहे. महामंगल सुत्तात सांगितलेल्या ३८ मंगलांमध्ये कृतज्ञता आहे, हे आपण वंदनेच्या वेळी म्हणतो. अंगुत्तर निकायात दोन माणसे जगात दुर्मीळ सांगितली आहेत : आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि झालेला उपकार ओळखून तो फेडणारा. पहिला आम्हांला गांधीबागेत भेटला. दुसरे होणे आपल्या हाती आहे.

आता गृहिणींनी आणि गाडी चालवणाऱ्या मुलामुलींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिन तापल्याचा काटा वर गेला की लगेच कडेला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. दाबाखालची वाफ आणि उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. किमान अर्धा तास थांबावे. चारी इंडिकेटर एकदम लावावेत, मागे काही अंतरावर तांबडा त्रिकोण ठेवावा आणि माणसांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. गाडीच्या मागे कुणी उभे राहू नये. गाडी ढकलायची झाल्यास चावी चालू स्थितीत ठेवावी, नाहीतर स्टिअरिंग अडकते. इंजिन बंद असताना ब्रेक फार जड लागतो, तेव्हा उतारावर ढकलू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. रुग्ण सोबत असेल तर गाडीच्या दुरुस्तीची वाट पाहू नये. आधी रुग्णाला दुसऱ्या वाहनाने पाठवावे, गाडी मागाहून पाहता येते.

अपघात पाहिला तरी पोलीस-कोर्टाच्या भीतीने लोक पुढे होत नाहीत. ती भीती आता सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

कायदा नाव विचारत नाही हे योग्यच. पण ज्याला मदत मिळाली त्याने जरूर विचारावे. पुढच्या रविवारी आम्ही त्या हमालाला शोधून काढले. तो हसून म्हणाला, ‘‘त्यात काय जी भाऊ, रोज ठेला ढकलतो, आज तुमची गाडी ढकलली.’’ पैसे त्याने घेतले नाहीत. बोलता बोलता कळले की माथाडी मंडळात त्याची नोंदच नाही. माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ सालचा कायदा आहे, तरी भर बाजारात राबणारी कितीतरी माणसे त्याच्या बाहेर राहतात. आता त्याचे कागद आम्ही गोळा करतो आहोत. अर्ज लिहिणे, झेरॉक्स काढणे, खिडकीवर उभे राहणे ही आमच्यासारख्या कारकुनाची रोजची कामे. त्याने आपल्याजवळची ताकद दिली, आम्ही आमच्याजवळची देत आहोत.

उपकाराची फेड हार-नारळाने होत नाही. मिस्त्रीची मजुरी घासाघीस न करता द्यावी. उन्हातल्या हमालाला घरातले थंड पाणी द्यावे. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने अर्ज लिहावा, ज्याला औषध कळते त्याने औषध सांगावे. आणि पुढच्या वेळी रस्त्यात कुणाची गाडी अडलेली दिसली, तर हॉर्न वाजवण्याआधी खाली उतरावे. आत कोण बसले आहे हे नंतर विचारता येईल.