कुठे पाणी मुरतंय?

‘फक्त तीन हजार डॉलर्स! आणि वर ट्रेलर फ्री!’ दादाने फोन माझ्या नाकासमोर धरला. फोटोत पांढरीशुभ्र शिडाची बोट, तिला निळा पट्टा, मागे मस्त सूर्यास्त. आता अशा फोटोला नाही कोण म्हणेल?

एक व्यक्ती म्हणाली. ‘तिकिटांच्या पैशांना हात लावायचा नाही हं,’ स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. सप्टेंबरमध्ये मी पंधरा दिवस त्याच्याकडे होते. दोन उन्हाळे सेलिंगचे क्लास करून झाल्यावर त्याला आता स्वतःची बोट हवी होती. आणि तिकिटं म्हणजे फेब्रुवारीतली. साताऱ्याला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. बाजूला टाकलेली रक्कम एकच आणि तिच्यावर डोळा दोघांचा, आजीचा सोहळा आणि दादाची बोट!

बोट होती कॅटालिना २२. अमेरिकेत छोट्या शिडाच्या बोटींमध्ये हिचं स्थान साधारण आपल्याकडच्या स्प्लेंडरसारखं. फ्रँक बटलर यांच्या कंपनीने १९७०च्या सुमारास ती बाजारात आणली आणि आजवर १५ हजारांहून जास्त बोटी बनल्या. लांबी साधारण साडेएकवीस फूट, वजन हजार किलोच्या आसपास. आत छोटीशी केबिन. चौघं झोपू शकतात, फक्त चौघांचं एकमेकांवर प्रेम हवं. मेन फंडा म्हणजे ती ट्रेलरवर चढवून घरी आणता येते. बंदरात जागेचं भाडं नाही, घरासमोर उभी करा, शनिवारी गाडीला जोडा आणि निघा.

हे कसं जमतं? बोटीच्या पोटाखाली जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने बोट कलंडू नये आणि आडवी सरकू नये, ही त्याची ड्यूटी. या बोटीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ही कील बिडाच्या लोखंडाची आणि बिजागरीवर फिरणारी असते. खाली सोडली की बोटीला पाच फूट पाणी लागतं, वर घेतली की दोन फूट पुरे. दादाला जिथे बोट चालवायची होती ती बार्नेगाट खाडी उथळ आहे, म्हणजे जोडी अगदी छत्तीस गुणी. पण लक्षात घ्या, हे सुमारे अडीचशे किलोचं धूड एका पिनवर आणि एका वायरवर लटकलेलं असतं!

पुण्यामुंबईत आपण सेकंडहँड बाइक घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. आम्ही दादाच्या ऑफिसमधल्या एका सीनिअर सहकाऱ्यांना नेलं. त्यांनी हीच बोट वीस वर्षं वापरली आहे. ऑफिसात सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. खाडीच्या काठच्या गावात बोटीसमोर पोचल्यावर दादा फोटो काढत सुटला आणि कॅप्टननी खिशातून प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. आता हे काय उघडणार म्हणून मी बघत राहिले. त्यांनी उघडलं काहीच नाही. उलट्या मुठीने ते डेकवर टकटक करत फिरायला लागले.

आपण नारळ घेताना वाजवून बघतो ना, तसंच. या जुन्या बोटींचा डेक सँडविचसारखा असतो, वर-खाली फायबरग्लास आणि मध्ये प्लायवूड. डेकवर जिथे जिथे बोल्ट बसवलेत तिथलं सीलंट वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होतं आणि फटीतून पाणी आत जातं. वरून सगळं चकाचक, आत प्लायवूडचा लगदा! चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी भद्द. डोलकाठीच्या बुंध्यापाशी दोन हातभर जागा भद्द वाजली. कॅप्टन तिथे टाचेवर उभे राहिले, तर डेक किंचित दबला. आपण म्हणतो ना, ‘कुठेतरी पाणी मुरतंय’? इथे ते खरोखरच मुरत होतं. डोलकाठीचा सगळा भार नेमका याच जागेवर येतो. म्हणून केबिनमध्ये तिच्या बरोब्बर खाली असलेला खांबही बुडापासून तपासायचा.

मग कील. ‘शेवटची खाली कधी सोडली होती?’ या प्रश्नावर मालक हसले. ‘तीन-चार वर्षांपूर्वी. पण एकदम ओके आहे!’ आता गंमत अशी, की बोट ट्रेलरवर असताना कील पूर्ण खाली सोडताच येत नाही. लिफ्टने बोट उचलून टांगावी लागते. मग कीलचं टोक धरून हलवायचं. खडखड झाली म्हणजे पिन झिजली आहे किंवा तिचं भोक मोठं झालं आहे. वायरीवर गंज दिसला किंवा एखादी तार तुटलेली दिसली की ती बदलायचीच. कारण खाडीच्या मध्यावर वायर तुटली तर कील सुटून दणकन खाली येते आणि बोटीच्या तळाला तडा घालवू शकते. म्हणजे हा विषय फक्त पैशांचा नाही. या बोटीत दादाची दोन मुलं बसणार होती.

लिफ्टचा खर्च आम्ही देतो म्हटलं, तरी मालक तयार होईनात. इथे माझ्या मनातला फोटोतला सूर्यास्त मावळला.

तरी बाकीची उजळणी केलीच. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, मैत्रीण, रूममेट तिकडे असेल तर त्यांना ही पुढची लिस्ट नक्की पाठवा.

डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या वायरींवरून टिश्यू पेपर फिरवा. अडकला तर तिथे तार तुटली आहे. टोकाच्या फिटिंगमध्ये बारीक चीर शोधा. आणि वायरी नेमक्या कधी बदलल्या ते विचारा. साधारण दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात, असा रिवाज आहे.

शिडं पिशवीतून बाहेर काढून पूर्ण पसरा. नवं शीड नव्या नोटेसारखं करकरीत असतं, संपलेलं शीड आजीच्या जुन्या लुगड्यासारखं मऊ. शिवणीवर नख ओढा. दोरा तुटून हातात आला तर उन्हाने त्याचं काम केलेलं आहे.

इंजिनला आधी हात लावा, मग स्टार्ट करा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलं होतं, आपले बाइकवाले करतात तस्संच! थंड इंजिन सुरू झालं पाहिजे आणि त्यातून थंडाव्याच्या पाण्याची धार पडली पाहिजे.

ट्रेलरला कुणी भाव देत नाही, पण भर हायवेवर दगा तोच देतो. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. १५१४ म्हणजे २०१४ सालचा पंधरावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर फुटतं. थोडं अंतर ओढून नेल्यावर चाकाच्या मध्यभागाला हात लावा, चटका बसला तर बेअरिंग गेलं. आणि बोट, ट्रेलर, सामान मिळून होणारं वजन आपली गाडी ओढू शकते का, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, शोरूमवाल्याच्या चेहऱ्यावर नाही.

शेवटी कागद. बोटीचे वेगळे, ट्रेलरचे वेगळे. १९७२नंतरच्या अमेरिकन बोटींवर मागच्या बाजूला, उजवीकडे बारा अक्षरी नंबर असतो. तो कागदांशी जुळलाच पाहिजे.

परतीच्या वाटेवर दादा गप्प. वहिनीने गाडीतच बेरीज मांडली. डेक, कील, वायरी, शिडं, टायर. दुरुस्तीचा आकडा बोटीच्या किमतीच्या पुढे गेला! त्यात दादाचे किती शनिवार जाणार, हे तर धरलंच नव्हतं. ‘फ्री’ ट्रेलर घरी आणला असता तर फेब्रुवारीत आजीला व्हिडिओ कॉलवरच नमस्कार करायची वेळ आली असती.

पुढच्या शनिवारी दुसरी कॅटालिना बघितली. तिचं वय तेवढंच, पट्टा फिका पडलेला आणि किंमत साडेपाच हजार. दादाने नाक मुरडलं. पण त्या मालकीणबाईंनी न मागता एक फाइल पुढे केली. त्यात कीलची पिन आणि वायर, डोलकाठीच्या वायरी, सगळ्याची बिलं तारीखवार लावलेली. बोट पाण्यातच होती, कील खाली-वर करून दाखवली, खडखड नाही. लिफ्टने उचलून बघायलाही त्या लगेच तयार झाल्या. कॅप्टननी डेकभर टकटक केलं. सगळीकडे खणखणीत!

‘महाग आहे ना गं?’ दादा वहिनीला म्हणाला.

‘परवाच्या बोटीपेक्षा स्वस्त आहे,’ वहिनी म्हणाली. ‘पण आधी तिकिटं.’

त्या रात्री चार तिकिटं बुक झाली. बोटीसाठी दादा एप्रिलपर्यंत पैसे साठवतो आहे. तोवर ती विकली गेली तर दुसरी शोधेल, पंधरा हजारांत एखादी मिळेलच. मला एअरपोर्टवर सोडताना मी वहिनीला विचारलं, ‘तू अखेर बोटीला हो म्हणालीस तर!’

‘बोटीला कुठे?’ ती हसली. ‘मी त्या फाइलला हो म्हणाले.’