चेहरा हवा, खुर्ची नको!

6 सप्टेंबर 2019 रोजी दक्षिण आफ्रिकेचे माजी रग्बीपटू आणि प्रशिक्षक चेस्टर विल्यम्स यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. वय अवघे 49 वर्षे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 2 नोव्हेंबरला, जपानमधील योकोहामा येथे सिया कोलिसी या दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय कर्णधाराने रग्बीचा विश्वचषक उंचावला. या दोन घटना जोडून अनेकांनी समाधान व्यक्त केले की, विल्यम्स यांनी सुरू केलेले काम कोलिसीने पूर्ण केले. मैदानापुरते ते खरेही आहे. परंतु विल्यम्स यांचे आयुष्य मैदानावर संपले नाही. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर ते प्रशिक्षक झाले, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

विल्यम्स यांचा जन्म 1970 साली वेस्टर्न केपमधील पार्ल या गावी झाला. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तिथल्या प्रत्येक माणसाच्या माथ्यावर वंशाचा शिक्का मारला होता. विल्यम्स यांच्या वाट्याला ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय हा शिक्का आला. कुठे राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, कोणत्या मैदानावर खेळायचे हे त्या शिक्क्यावरून ठरत असे. राष्ट्रीय रग्बी संघ ही तर गोऱ्यांची मिरासदारीच होती. काळे लोक पूर्व केपमध्ये एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळत होते, तरी राष्ट्रीय संघात पहिला गौरेतर खेळाडू यायला 1981 साल उजाडावे लागले. त्यांचे नाव एरोल टोबायस. दुसरे अॅव्हरिल विल्यम्स, चेस्टर यांचे काका. तिसरे स्वतः चेस्टर, 1993 साली.

1987 आणि 1991 च्या विश्वचषकांना बहिष्कारामुळे दक्षिण आफ्रिका मुकली होती. 1995 चा विश्वचषक मायदेशी झाला. मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम वर्ष झाले होते. ‘एक संघ, एक देश’ अशी घोषणा होती, पण त्या संपूर्ण संघात गौरेतर खेळाडू किती? एक! घोषणेला पुरावा लागतो म्हणून जाहिरातींत आणि फलकांवर विल्यम्स यांचाच चेहरा झळकला. दुखापतीमुळे ते आधी संघाबाहेर गेले होते. एका खेळाडूवर बंदी आल्यावर त्यांना परत बोलावले गेले, आणि पश्चिम सामोआविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात या ‘फलकावरच्या चेहऱ्या’ने चार ट्राय नोंदवले. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे म्हणजे ट्राय. एका सामन्यात चार ट्राय कोणी दान देत नाही. 24 जूनला न्यूझीलंडला 15–12 असे हरवून संघ जगज्जेता झाला.

या विजयाच्या आदल्याच दिवशी दुसरी एक घोषणा झाली होती. दूरचित्रवाणी हक्कांपोटी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांना दहा वर्षांत सुमारे 55 कोटी डॉलर मिळणार होते. दोन महिन्यांत रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाले. म्हणजे एकतेचा सोहळा आणि पैशाचा ओघ एकाच आठवड्यात आला. सोहळ्याला चेहरा काळ्यांचा होता, पण पैसा कोणाच्या हाती गेला? ज्यांच्याकडे आधीपासून मंडळे, मैदाने आणि श्रीमंत शाळा होत्या त्यांच्याच.

संघाच्या आतली हवाही लगेच बदलली नाही. फेब्रुवारी 1997 मध्ये राष्ट्रीय संघाच्या तत्कालीन गोऱ्या प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला, कारण काळ्या पदाधिकाऱ्यांविषयी त्याने काढलेले वर्णद्वेषी उद्गार ध्वनिफितीवर सापडले. संघातल्या सहकाऱ्याकडून आपल्यालाही वर्णवाचक शिव्या ऐकाव्या लागल्या, असे विल्यम्स यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रात सांगितले. तेव्हा अनेकांना राग आला. चेहऱ्याने फलकावर हसावे, बोलू नये, अशी ही अपेक्षा होती.

आता प्रशिक्षक विल्यम्स यांच्याकडे पाहू. 27 कसोटी सामने आणि 14 ट्राय ही कमाई घेऊन ते प्रशिक्षणाकडे वळले. सात खेळाडूंच्या रग्बीचा राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला आणि 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवून दिले. पुढे जोहान्सबर्गचा ‘कॅट्स’ हा व्यावसायिक संघ मिळाला. 2005 च्या हंगामात निकाल वाईट लागले आणि ते पद गेले. नंतर ‘पुमाज’ हा प्रांतिक संघ त्यांनी सांभाळला. 2008 च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी चार नावे अंतिम विचारात होती. त्यात विल्यम्स होते, पण ते पद त्यांना मिळाले नाही. त्यानंतर त्यांनी युगांडा, ट्युनिशिया आणि रुमानियातील एका क्लबला शिकवले. 1995 च्या विश्वचषकावर हॉलिवूडने 2009 साली ‘इन्व्हिक्टस’ हा चित्रपट काढला, तेव्हा नटांना रग्बी शिकवण्यासाठी मात्र विल्यम्स यांना बोलावले गेले. अखेरच्या काळात ते वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. हे विद्यापीठ वर्णभेदी सरकारने 1960 साली मिश्रवंशीयांसाठी वेगळे काढले होते.

कोणी म्हणेल, त्यांची कामगिरीच कमी पडली. असेल. ‘कॅट्स’चे निकाल वाईटच होते. पण मग हीच मोजपट्टी सर्वांना लावून पाहू.

2008 मध्ये ते पद पीटर डिव्हिलियर्स यांना मिळाले. तेही पार्लचेच, आणि राष्ट्रीय संघाचे पहिले गौरेतर प्रशिक्षक. नियुक्ती जाहीर करतानाच मंडळाच्या अध्यक्षांनी सांगून टाकले की, ही निवड केवळ रग्बीच्या कारणांवरून झालेली नाही, परिवर्तनाचाही विचार केला आहे. झाले! पहिला सामना व्हायच्या आधीच कपाळावर ‘कोटा’ लिहिला गेला. पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, याच डिव्हिलियर्स यांच्या संघाने ब्रिटिश आणि आयरिश लायन्सविरुद्धची मालिका जिंकली, तिरंगी स्पर्धा जिंकली आणि न्यूझीलंडला एका वर्षात तीनदा हरवले. तेव्हा टीकाकार काय म्हणाले? ज्येष्ठ खेळाडू संघ चालवतात, हे नुसते बसून आहेत! म्हणजे जिंकले तर खेळाडूंमुळे आणि हरले तर प्रशिक्षकामुळे.

त्यांच्यानंतर हेनेके मेयर हे गोरे प्रशिक्षक आले. 2015 च्या विश्वचषकात त्यांचा संघ जपानकडून 34–32 असा हरला. रग्बीच्या इतिहासातील हा सर्वांत धक्कादायक पराभव मानला जातो. मेयर यांच्यावर टीका झाली, परंतु ‘गोऱ्यांना प्रशिक्षण जमत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला नाही. त्यानंतरचे अॅलिस्टर कुट्झी हे दुसरे गौरेतर प्रशिक्षक. 2017 मध्ये त्यांचा संघ न्यूझीलंडकडून 57–0 असा हरला. हा लाजिरवाणाच पराभव होता, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण गोऱ्याचे अपयश त्याच्या एकट्याचे असते आणि काळ्याचे अपयश त्याच्या साऱ्या समाजाच्या नावे लिहिले जाते. गुणवत्तेच्या नावाने ही दुहेरी वही चालवली जाते. समतेत यशाची संधी येते, तसाच एकदा चुकून पुन्हा उभे राहण्याचा हक्कही येतो. तो हक्क आजवर कोणाला मिळत आला, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्याकडच्या बाळू पालवणकरांची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा चर्मकार समाजातील गोलंदाज हिंदू संघाला चेंडू टाकण्यापुरता हवा होता, पण त्याला कर्णधार कधीच केले नाही. ते पद त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाले. देश वेगळा, खेळ वेगळा, पण कौशल्य वापरायचे आणि निर्णय आपल्या हाती ठेवायचा, हा व्यवहार तोच.

प्रशिक्षकाच्या खुर्चीचे महत्त्व नेमके यात आहे. कोण खेळणार, कोणत्या जागी खेळणार, कोणाला दुसरी संधी मिळणार, हे तिथे ठरते. काळ्या खेळाडूंना कडेला, विंगवर धावायला ठेवतात आणि डाव रचणाऱ्या मधल्या जागा गोऱ्यांकडे राहतात, ही तक्रार दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षे होत आली. विल्यम्सही विंगवरच खेळले.

1995 च्या अंतिम सामन्यात गौरेतर खेळाडू एक होता, 2019 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या पंधरा जणांत सहा होते. हा बदल आपोआप झाला नाही. आंदोलने झाली, उद्दिष्टे ठरवावी लागली, ‘कोटा’ म्हणून हिणवून घ्यावे लागले. त्या सहा जणांसह संघ जिंकला, यातच गुणवत्तेच्या ओरडीला उत्तर आहे. मात्र कोलिसीसारखा झ्वीडे वस्तीतला गरीब मुलगाही शिष्यवृत्तीवर श्रीमंतांच्या शाळेत गेला, तेव्हाच पुढे आला. वस्तीतल्या शाळेला मैदान मिळाले का, हा प्रश्न उरतोच. आणि 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीत परतल्यापासून राष्ट्रीय संघाचे गौरेतर मुख्य प्रशिक्षक झाले फक्त दोन.

म्हणून यापुढे कोणी आपल्याला फलकावरचा आपला माणूस दाखवून समाधान मानायला सांगेल, तेव्हा चळवळीच्या कार्यकर्त्याने एवढेच विचारावे: निवड समितीत आपले किती? प्रशिक्षक किती? तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे? चेस्टर विल्यम्स यांनी देशाला चेहरा दिला, चार ट्राय दिले, विश्वचषक दिला. त्या देशाने त्यांना राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मात्र शेवटपर्यंत दिली नाही.