आमच्या गावची खबर आम्हीच सांगू

नरकचतुर्दशीची पहाट. तुळशीपुढे कारीट फोडून झाले होते, फोवांच्या ताटल्या फिरत होत्या आणि ओटीवरचा रेडिओ दरसालाप्रमाणे भक्तिगीते गात होता. गाणी संपून बातम्या लागल्या, तशी शेजारची काकी म्हणाली, “मास्तरांनू, दिल्लीची खबर ह्या डब्यात येता, मुंबयची येता. मगे आमच्या रेडीची कित्याक येणा नाय?”

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गाव मला शहाणा समजतो. पण काकीने मला निरुत्तर केले. पुढे चौकशी केली आणि संताप आला. आमची खबर येत नाही एवढेच नव्हे, ती येऊच नये असा नियम आहे!

आपल्या देशात रेडिओची तीन घरे आहेत. पहिले सरकारचे, म्हणजे आकाशवाणी. दुसरे खाजगी कंपन्यांचे. ते २००१ साली उघडले. तिसरे लोकांचे. हा सामुदायिक रेडिओ २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली लोकसेवी संस्थांना खुला झाला. साताऱ्याकडचे म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे अशाच घरातले. पण बातमी देण्याचा मान फक्त पहिल्या घराला! बाकीच्या दोघांनी फक्त आकाशवाणीच्याच बातम्या ऐकवाव्यात. हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणी-वीज यांची माहिती देण्यास मुभा आहे. म्हणजे नळाला पाणी कधी येणार ते सांगा. का आले नाही, याची बातमी मात्र करू नका!

आकाशवाणीशी माझे वैर नाही. १९५५ साली पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ घरोघर नेले, ते ऋण मराठी माणूस विसरणार नाही. पण ज्याचा कारभार, त्याच्याच तोंडून त्या कारभाराची बातमी ऐकावी, हा कोणता न्याय? आणि खाजगी केंद्रांना गाणी व चेष्टामस्करी एवढेच अंगण दिल्यावर ती उथळ आहेत म्हणून नाक मुरडण्यात काय अर्थ?

वाचकहो, ज्या मुलखात ही मुस्कटदाबी आम्ही सोसतो, त्याचा इतिहास पाहा. आमच्या वेशीपलीकडे तेरेखोल किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण फडकत होते, तेव्हा नोव्हेंबर १९५५ मध्ये आंबोलीच्या रानातून एक गुप्त रेडिओ बोलू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे कोंकणीतून व पोर्तुगीजमधून गोव्याला त्याचीच खबर सांगत होती. सालाझारची सेन्सॉरशिप जी दाबत होती, तीच! पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले, पण १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत तो आवाज थांबला नाही. परक्या सत्तेला न जुमानता जे रानातून केले, ते स्वराज्यात गावच्या वेशीवर बसून करायला बंदी असावी काय?

सरकार म्हणते, या केंद्रांवर लक्ष ठेवायला यंत्रणा नाही, देशाच्या सुरक्षेला धोका होईल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १९९४ साली रुआंडात एका रेडिओनेच माणसांना माणसे मारायला चिथावले होते. पण वर्तमानपत्राला बातमीची मोकळीक, दूरचित्रवाणीला मोकळीक, आणि खिशातल्या मोबाइलवर तर अफवांचा रोज शिमगा! सामुदायिक रेडिओला परवाना असतो, पत्ता असतो, त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. खोटे बोलला, तर सकाळी गाव दारात उभा राहील. एवढा जाब दुसरा कोण देतो?

नेपाळात १९९७ साली रेडिओ सगरमाथा सुरू झाला. तिथली लोककेंद्रे बातम्या देतात. २००५ साली राजाने त्या बंद केल्या, तेव्हा लोक आणि पत्रकार त्याविरुद्ध उभे राहिले. आपल्याकडे १९९५ सालीच न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. २०२३ साली दूरसंचार नियामकानेही खाजगी केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. मग घोडे अडले कुठे? आणि मुभा द्यायचीच, तर ती आधी लोकांच्या घराला द्या.

खाणीच्या धुळीने कोणाचे कुळागर लाल झाले, ग्रामसभेत कोणता ठराव झाला, कोणाची होडी वादळात परतली नाही, हे आमचे आम्हाला आमच्या बोलीत कळले पाहिजे. खोट्याला जरूर शिक्षा करा. पण तोंड उघडण्यापूर्वीच तोंड बांधू नका.

पुढल्या चावदिसाला फोव खाताना काकी पुन्हा तेच विचारील. तिला काय सांगू, ते दिल्लीने मला कळवावे.