छोट्या कॅमेऱ्याची पारख

कॅनन या जपानी कंपनीने २००८ साली ‘पॉवरशॉट जी-१०’ हा छोटा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला तो १४.७ मेगापिक्सेलचा होता, आणि पुढल्याच वर्षी त्याच मालिकेतला ‘जी-११’ आला तो अवघ्या १० मेगापिक्सेलचा. कारखानदाराने आपल्याच मालाचा सर्वांत ठळक आकडा स्वहस्ते कमी करावा आणि जाणकारांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत करावे, असे प्रसंग व्यापाराच्या इतिहासात फार थोडे आढळतील. आतल्या सेन्सरचा आकार तोच राहिला होता. त्यावरील प्रकाशग्राही बिंदूंची संख्या तेवढी घटवली होती, आणि त्यामुळे मंद उजेडात घेतलेल्या चित्रांतील रवाळपणा कमी झाला होता. या गोष्टीला आज तपाहून अधिक काळ लोटला, तरी कॅमेऱ्याच्या दुकानात शिरणारा ग्राहक पहिला प्रश्न मेगापिक्सेलचाच विचारतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, आणि वेळ नसेल तर न विचारला तरी चालेल.

एके काळी तो प्रश्न रास्त होता, हे मान्य केले पाहिजे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते, आणि ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत असत. १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही अडीच लाखांच्या आसपासच बिंदू होते. अशा दारिद्र्यात प्रत्येक वाढीव बिंदू मोलाचा होता. परंतु आपल्या घरातील संग्रहात लावतो ती चार इंच बाय सहा इंचांची प्रत उत्तम छापण्यास सुमारे २२ लाख बिंदू पुरतात, ए-फोर कागदाएवढी प्रत छापण्यास ८७ लाख पुरतात, आणि आज विक्रीस असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन कोटींच्या आसपास बिंदू असतात. त्यापुढची वाढ सेन्सरचा आकार न वाढवता केली, तर ती केवळ वाटणी होय. दोन एकरांचे शेत सहा भावांत वाटले काय किंवा बारा भावांत वाटले काय, सातबाऱ्यावरील नावे वाढतात, जमीन एका गुंठ्यानेही वाढत नाही. आजचे सेन्सर पूर्वीच्या मानाने पुष्कळ सुधारल्यामुळे या वाटणीचा तोटा जी-१० च्या काळाइतका जाणवत नाही, हे खरे. पण ज्या लाभाच्या आशेने सामान्य ग्राहक मोठ्या आकड्यासाठी जादा दाम मोजतो, तो लाभ त्याच्या पदरात पडत नाही.

म्हणून पहिली चौकशी करावी ती सेन्सरच्या क्षेत्रफळाची. आणि येथे ग्राहकाने विशेष सावध असावे, कारण या मापांची परिभाषा काचेच्या नळ्यांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांपासून चालत आलेली असल्याने तिचा प्रत्यक्ष मापाशी मेळ बसत नाही. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ मिलिमीटर रुंद आणि ८.८ मिलिमीटर उंच असतो. स्वस्त कॅमेऱ्यांच्या तपशिलात १/२.३ इंच असा जो अपूर्णांक दिसतो, तो सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ एक इंची सेन्सरच्या चौथ्या हिश्शाएवढेच. एपीएस-सी नावाचा सेन्सर याहून पुष्कळ मोठा, त्या सर्वांत लहान सेन्सरच्या सुमारे तेरा पट. २०१२ साली सोनीने ‘आरएक्स-१००’ हा अवघ्या २४० ग्रॅम वजनाचा कॅमेरा काढून सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या देहात एक इंची सेन्सर बसवला, आणि पुढल्याच वर्षी रिकोने ‘जीआर’ या तितक्याच लहान कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर घातला. छोटा कॅमेरा म्हणजे दुय्यम कॅमेरा ही समजूत या दोन यंत्रांनी कायमची निकालात काढली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

सेन्सरइतकेच महत्त्व लेन्सच्या तोंडाला, म्हणजे अॅपर्चरला आहे, आणि दुर्दैवाने झूमच्या आकर्षणापुढे नेमके तेच दुर्लक्षिले जाते. लेन्सवर ‘१.८–४.९’ असे जे दोन अंक कोरलेले असतात त्यांपैकी पहिला झूम न करतानाचा आणि दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. अंक जितका लहान तितका आत येणारा प्रकाश अधिक, आणि हा हिशेब वर्गाच्या प्रमाणात चालतो. त्या पहिल्या आरएक्स-१०० मध्ये झूम शेवटापर्यंत नेला की आत येणारा प्रकाश सुमारे सातव्या हिश्शावर येतो. कॅननच्या ‘जी-७ एक्स’ मध्ये, जेथे हेच अंक १.८ आणि २.८ आहेत, तो अडीच पटींहून किंचित कमीच घटतो. सोनीच्या आरएक्स-१०० च्या २०१८ सालच्या सहाव्या आवृत्तीत झूमची पोच पहिल्या आवृत्तीच्या दुप्पट झाली, तशी त्याची किंमतही चुकवावी लागली: अंक २.८ पासून सुरू होऊ लागले. यांत कोणी कोणाला फसवले असे नाही. खिशात मावणाऱ्या काचेत लांबचे दिसणे आणि अंधारात दिसणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णांशाने मिळत नाहीत, आणि आपल्याला यांतली कोणती हवी याचा निर्णय ग्राहकानेच करावयाचा असतो. आपल्याकडील कौटुंबिक छायाचित्रांचे प्रसंग आठवून पाहावेत. मंगळागौरीची रात्र, गणपतीची संध्याकाळची आरती, कार्यालयातील सीमांतपूजन, माजघरात बसलेली आजी, हे सारे प्रसंग अपुऱ्या प्रकाशातले आणि दहा हातांच्या आतले आहेत. त्यांच्यासाठी तीस पट झूमचा काडीइतका उपयोग नाही. उपयोग आहे तो मोठ्या तोंडाच्या लेन्सचा. रंकाळ्यावरील किंवा भिगवणच्या पाणथळीतील पक्षी टिपावयाचे असतील, तर गोष्ट वेगळी. पण तशा छंदाला छोटा कॅमेरा मुळातच अपुरा पडतो. डिजिटल झूम नावाचा जो प्रकार तपशिलात मोठ्या अक्षरांत दिलेला असतो, तो तर चित्र कापून मोठे करण्याहून निराळा नाही, आणि ते काम घरी सवडीने अधिक चांगले होते. त्याची गणना गुणांत करूच नये.

हात थरथरल्याचा दोष काढणारी स्थिरीकरणाची सोय, जिला दुकानात स्टॅबिलायझेशन म्हणतात, ती असलेली बरी. पण तिच्या सामर्थ्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ती कॅमेरा स्थिर करते, समोरचा माणूस स्थिर करीत नाही. पिंगा घालणाऱ्या मुलींचे चित्र सुस्पष्ट यावे तर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतका किंवा त्याहून अल्प काळच शटर उघडे राहिले पाहिजे, आणि तेवढ्या काळात पुरेसा प्रकाश गोळा करण्यास पुन्हा मोठा सेन्सर आणि मोठे तोंडच लागते.

आता मी अशा गुणांकडे वळतो की ज्यांना आकडा नसल्यामुळे तपशिलाच्या कोष्टकात फारसे स्थान मिळत नाही, आणि ज्यांच्यावर माझ्या मते कॅमेऱ्याचे खरे आयुष्य अवलंबून असते. कॅमेरा हातात घेतल्यावर अंगठ्याला त्याची जागा सापडते काय. बटण दाबल्यापासून कॅमेरा सिद्ध होण्यास किती वेळ लागतो. उजेडाचे प्रमाण कमीअधिक करणारी चकती बाहेर आहे की ती सोय पडद्यावरील यादीच्या तिसऱ्या पानात दडलेली आहे? आपल्या देशातील ऊन प्रखर आणि सावली गडद. उन्हाने लखलखणाऱ्या अंगणाकडे पाठ करून ओसरीवर उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र कोणताही कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने घेईल, तर बहुधा त्या माणसाचा चेहरा काळवंडतो. तो उजळण्यासाठी एक चकती दोन खाचा फिरवणे एवढेच काम असते, पण ती चकती बोटाखाली नसेल तर तो माणूस तोवर निघून गेलेला असतो. तीच गोष्ट डोळ्याला लावून पाहण्याच्या व्ह्यूफाइंडरची. वैशाखातील दुपारी मागचा पडदा इतका निस्तेज दिसतो की चित्राची चौकट केवळ अदमासाने ठरवावी लागते, आणि तरीही अनेक चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर दिलेलाच नसतो: जी-७ एक्स मध्ये तो नाही, रिकोच्या जीआर मध्ये अंगभूत नाही, आरएक्स-१०० मध्ये २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो वर उचलून घेता येतो, आणि फुजीफिल्मच्या ‘एक्स-१००’ मालिकेत २०११ पासून आहे. चाळिशीनंतर जवळचे वाचण्यास चष्मा लागणाऱ्या वाचकांनी तर हा मुद्दा निर्णायक मानावा. डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळाच्या आधाराने स्थिरही राहतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष चौकटीबाहेर विखुरत नाही.

झूम मुळीच नसलेले जीआर आणि एक्स-१०० हे कॅमेरे पुष्कळांना अपुरे वाटतात. मला ते शिकणाऱ्यासाठी सर्वोत्तम वाटतात, कारण त्यांत चौकट बदलावयाची तर स्वतः चार पावले पुढे किंवा मागे जावे लागते, आणि जवळ जाण्याचा संकोच मोडल्याशिवाय माणसांची चांगली छायाचित्रे कोणालाही घेता आलेली नाहीत.

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. खिशात भ्रमणध्वनी असताना हा सगळा खटाटोप करावाच कशाला? लोकांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिलेले आहे: जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० साली दहा कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, तर २०२३ साली ती संख्या सतरा लाखांच्या घरात आली. हे उत्तर बहुतांशी योग्यच होते. सहा मिलिमीटरच्या सेन्सरचा साधा छोटा कॅमेरा आज विकत घेणे म्हणजे आपल्या जवळ असलेलीच वस्तू पुन्हा घेणे होय, कारण चांगल्या फोनचा सेन्सर आता त्याहून मोठा असतो आणि अनेक चित्रे एकत्र करून एक निर्दोष चित्र घडविण्याची गणिती करामत फोनला अधिक साधते. परंतु ज्याला त्या गणिताने ठरवलेले चित्र नको, स्वतः पाहिलेले हवे, ज्याला रॉ स्वरूपातील मूळ नोंद जपून ठेवून तिच्यावर पुढे काम करावयाचे आहे, आणि ज्याला चित्र घेताना निरोप, बातम्या व दूरध्वनी यांचा व्यत्यय नको आहे, त्याच्यासाठी एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा आजही सार्थ खरेदी आहे. अशा कॅमेऱ्याची किंमत आज लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे, आणि म्हणूनच अर्धवट कॅमेरा निम्म्या किमतीत घेण्यापेक्षा काही काळ फोनवर भागवून योग्य कॅमेऱ्यासाठी पैसे साठवावेत, असा सल्ला मी देईन.

लहान सेन्सर टाळण्याच्या नियमाला मी एकच अपवाद मानतो. ज्यांचे पावसाळ्यातील रविवार राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर जातात, अथवा जे आषाढात पालखीबरोबर चालतात, त्यांनी पूर्वी ऑलिम्पसच्या नावाने निघणाऱ्या ‘टफ’ मालिकेतील ‘टीजी’ कॅमेऱ्याचा विचार करावा. सेन्सर लहानच, पण लेन्सचे तोंड २.० चे, झूम करतानाही लेन्स बाहेर न येणारी, आणि पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालणारे अंग. कोसळत्या पावसात महागडा कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याचे धैर्यच होत नाही, तेथे हा कॅमेरा काम करतो.

तरुण पिढीत सध्या वीस वर्षांपूर्वीचे जुने छोटे कॅमेरे शोधून विकत घेण्याची हौस आली आहे. त्या चित्रांतील रंग त्यांना भावतात, आणि घरातील कपाटात असा एखादा कॅमेरा पडला असेल तर तो अवश्य वापरावा. पण त्या यंत्रांना आज चढे दाम देणे मला समर्थनीय वाटत नाही: सुटे भाग मिळत नाहीत, मूळ बॅटऱ्या बनणे बंद झाले, आणि त्या काळची काही मेमरी कार्डे आता मिळवणेही कठीण झाले आहे.

खरेदीपूर्वी आणखी थोड्या बाबींची तजवीज करावी. परदेशातून परस्पर आणलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याची हमी येथे बहुधा मानली जात नाही. म्हणून कंपनीचे भारतातील हमीपत्र आणि दुकानाचा रीतसर शिक्का असलेले बिल यांवाचून पैसे देऊ नयेत. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी एका भरणीत दिवसभर पुरतेच असे नाही, तेव्हा दुसऱ्या बॅटरीचा खर्च मूळ किमतीतच धरावा. मुंबईत आणि कोकणात दमटपणामुळे लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते आणि या कॅमेऱ्यांची लेन्स सुटी होत नसल्याने ती काढणे खर्चाचे होते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्यावे. दुकानातील झगमगाट सोडून मागच्या मंद उजेडाच्या कोपऱ्यात, फ्लॅश न वापरता, विक्रेत्याच्याच हालत्या हातांची चित्रे घ्यावीत, तीच चित्रे दुसऱ्या कॅमेऱ्याने घ्यावीत, घरी येऊन ती मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, आणि मगच कॅमेऱ्याचे नाव ठरवावे. अशी परीक्षा घेऊ देण्यास जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून कॅमेरा घेऊ नये.