भाईंचा चष्मा

जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत वाढलेला आणि पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकलेला मुलगा ४ जानेवारी २०१९ रोजी पडद्यावर आला, तेव्हा आमच्या उपनगरांना तो घरचाच सोहळा वाटला. तो मुलगा म्हणजे पुलं, अर्थात लेखक पु. ल. देशपांडे ऊर्फ भाई. त्यांचं जन्मशताब्दी वर्ष चालू होतं. महेश मांजरेकरांच्या ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ या चरित्रपटाचा पूर्वार्ध तेव्हा लागला आणि उत्तरार्ध ८ फेब्रुवारीला. सागर देशमुखने नक्कल टाळून पुलंची लय पकडली, इरावती हर्षेने साकारलेली त्यांची पत्नी सुनीताबाई करारी उतरली. वाद पेटला तो मात्र भीमसेन जोशी, कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे या गायकांच्या मैफलीच्या प्रसंगावरून. हातातले पेले आणि सिगारेटी अनेकांना खटकल्या. मला वाटतं, या तक्रारीने खरा मुद्दा झाकला. सुनीताबाईंचं आत्मकथन ‘आहे मनोहर तरी’ १९९०मध्ये आलं, तेव्हा त्यांनीच पुलंना देव्हाऱ्यातून खाली, घरात आणून बसवलं होतं. त्यामुळे माणूसपण दाखवणं हा अपराध नव्हेच. उणीव दुसरीच होती. विनोदी लेखकाचं आयुष्य किश्श्यांची माळ ओवून उभं राहत नाही. मोठमोठी माणसं येतात, टाळी घेतात आणि निघून जातात. पण समोरच्या साध्या माणसाकडे मायेनं पाहणारी नजर वाक्यात कशी उतरते, ते दिसत नाही. पुलंचा विनोद त्या नजरेतून आला. चरित्रपटाची कसोटी तिथेच लागते. पेल्यापाशी नव्हे, लिहिण्याच्या टेबलापाशी.