आधी भोकं सांधा, मग एआयचं बघू

जुन्या घरगुती फिल्मचा विषय निघाला की माझ्या पिढीतल्या इंजिनिअरांचं उत्तर तयार असतं: ‘स्कॅन कर, एआयमधून काढ, रीळ टाकून दे.’ मीही सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, आणि मला हे उत्तर आळशी वाटतं. नुसतं आळशी नाही, नुकसान करणारं.

सुपर एट फिल्मच्या एका कडेला भोकांची रांग असते. एका फ्रेमला एक भोक. प्रोजेक्टरमधला आकडा भोकात अडकतो, फिल्म एक फ्रेम खाली ओढतो, सोडतो, पुन्हा वर जातो. पन्नास फुटी रिळात अशी ३,६०० भोकं; सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने सगळा खेळ ३ मिनिटं २० सेकंदांचा. फिल्म जुनी होते तशी आकसते. मग आकडा भोकात न पडता त्याच्या कडेवर पडतो, ती फाडतो, आणि चीर चित्रापर्यंत जाते.

आता निलंग्याला या. माझ्या चुलत आजोबांनी हैदराबादहून कॅमेरा आणून सत्तरच्या दशकात घरचं एक लग्न टिपलं. मला त्यात नवरा-नवरीपेक्षा मागचं घर मोलाचं वाटतं: दगडमातीच्या जाड भिंती, ढाळज, माळवदावर बसून वरात बघणाऱ्या बाया. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली अशी घरं कोसळली, हजारो माणसं त्याच दगडांखाली गेली. नंतर दगडमातीचं घर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. त्या घरांत माणसं कशी वावरायची, याचं हलतं चित्र अशा एखाद्या रिळातच उरलंय.

ते रीळ आम्ही एका दुकानात दिलं. त्याने न तपासता प्रोजेक्टरवर चढवलं, भिंतीवरचा खेळ मोबाइलवर टिपला आणि भोकं फाटलेलं रीळ परत दिलं. वर सल्ला: ‘फाइल मिळाली ना? आता हे कशाला ठेवता?’

फाइलमध्ये चित्र उड्या मारतं. मित्र म्हणतात, स्टॅबिलाइझ करता येतं. येतं की! पण कशाच्या आधाराने? चांगले स्कॅनर दात न लावता फिल्म गुळगुळीत रुळांवरून नेतात, भोक ओळखतात आणि त्यावरून फ्रेम जागेवर बसवतात. भोक फाटलं की प्रोग्रॅम अंदाज बांधायला लागतो. गेलेली फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून रचतो, पुसट चेहरा दुसऱ्याच हजारो चेहऱ्यांवरून. माळवदावरची एक बाई कॅमेऱ्याकडे जेमतेम चार फ्रेम बघते. पाव सेकंदसुद्धा नाही. तिच्या जागी कधी जन्मालाच न आलेली तुकतुकीत बाई बसवायची आणि तिला आजी म्हणायचं?

दुरुस्ती हाताची आहे. हातमोजे, भिंग, खालून उजेड, फिल्म पक्की धरणारा स्प्लायसर आणि भोकं पाडलेली पारदर्शक टेप. टेपची भोकं फिल्मच्या भोकांवर तंतोतंत बसवून दाबायची. घरातला सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद पाझरतो आणि वेटोळ्याला वेटोळं चिकटतं.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ रोज तासभर रील्स बघणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आज पुरता उरलेला नाही. त्या लोकांकडे जपायची सोय नव्हती. आपली सबब काय?

ॲप तयार झालं म्हणून सोर्स कोड डिलीट करणाऱ्याला आपण कामावर ठेवू का? रीळ हा सोर्स कोड आहे. म्हणून घरात रीळ सापडलं तर प्रोजेक्टरवर चढवू नका. हाताने उलगडून भोकं बघा, फाटलेली सांधा, मग बिनदाती स्कॅनरवर द्या. कच्ची फाइल मागून घ्या. रीळ थंड, कोरड्या जागी ठेवा. एआयचे प्रयोग करायचेच असतील तर फाइलच्या प्रतीवर करा, आणि तिच्या नावातच लिहा: ‘यातले चेहरे खरे नाहीत.’